पुढचा प्रश्न

जया गोंडाणे हिला भाषणासाठी कधी कागद लागला नाही. नागपुरातल्या एका संस्थेच्या महाविद्यालयात ती बावीस वर्षं इतिहास शिकवत होती आणि त्यातली सहा वर्षं विभागप्रमुख होती. मुलं आपल्या तासाला नुसती हजेरीसाठी बसत नाहीत हे तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा तोराही होता. त्यामुळे महाविद्यालयाच्या सभागृहात ‘पश्चिम आशियातलं युद्ध आणि भारताची भूमिका’ असा परिसंवाद ठरला, तेव्हा एका बाजूनं तिचं नाव आपसूकच पुढे आलं. दुसऱ्या बाजूनं राज्यशास्त्राचे सुशील मांडवकर होते.

सभागृह भरलं होतं. मांडवकर आधी बोलले. देशहित, शस्त्रं, तंत्रज्ञान, दहशतवाद असं सगळं त्यांनी मुद्देसूद सांगितलं आणि माफक टाळ्या घेतल्या. मग जया उठली. ऑक्टोबरमध्ये गाझातून सरहद्द ओलांडून आलेल्या हल्लेखोरांनी घराघरात शिरून माणसं मारली, ओढून नेली, त्याचा निषेध तिनं एका वाक्यात केला. पुढचा अर्धा तास ती गाझाबद्दल बोलली. कोसळलेली इस्पितळं, पाण्याच्या रांगा, मेलेल्या मुलांची नावं. आपला देश संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहिला तो कुणाच्या भीतीनं, असा सवाल तिनं केला तेव्हा मागच्या रांगेतली मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. आनंदराव वासनिक हात वर करून उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर, गिरणीतले जुने कामगार नेते, जयाच्या वडिलांचे दोस्त. मॅट्रिकनंतर जयाचं लग्न उरकायचं घरात चाललं होतं, तेव्हा याच माणसानं तिच्या वडिलांशी भांडून तिला कॉलेजात घातलं होतं. त्यांनी माईक हातात घेतला.

“प्रश्न नाही माझा. मत आहे,” ते म्हणाले. “हे ज्यू लोकच असे हायेत. जिथं जातात तिथं नासवतात. जर्मनीत त्यायच्यासंग जे झालं ते काही उगाच नाही झालं.”

मधल्या रांगांत टाळ्या पडल्या. कुणीतरी हसलं. जयाच्या हातात दुसरा माईक होता. तिनं ऐकलं, पुरतं ऐकलं. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ संपत आला होता आणि आधीच्या टाळ्या अजून कानात होत्या.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “पुढचा प्रश्न.”

दोन दिवसांनी व्हिडिओ फिरायला लागला. कुणीतरी तिचं अर्ध्या तासाचं भाषण चाळीस सेकंदांत कापलं होतं, त्याला आनंदरावांचं वाक्य जोडलं होतं आणि शेवटी तिचं ‘ठीक आहे’ ठेवलं होतं. वर लाल अक्षरांत ‘ज्यूद्वेषी प्राध्यापिका’. संध्याकाळपर्यंत तो शहरभर झाला.

सकाळी स्टाफरूममध्ये मांडवकर सर तक्रारअर्जाची प्रत वाचत बसले होते. अर्ज त्यांचाच होता. परीक्षेत कॉपी सापडली किंवा वर्धा रोडवर गाड्या अडकल्या की ‘या देशाला एक हिटलर पाहिजे’ हे ज्यांचं ठरलेलं वाक्य, ते हेच मांडवकर.

जयानं त्यांच्या टेबलासमोर उभं राहून विचारलं, “सर, तुम्ही आयुष्यात एक तरी ज्यू माणूस पाहिलाय?”

“पाहायची गरज काय, मॅडम? व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय.”

“हिटलर पाहिजे असं तुम्ही याच खुर्चीत बसून म्हणत होता.”

“ते शिस्तीपुरतं. विषय बदलू नका.”

बाकीचे वह्यांत डोकं घालून बसले. एरवी तिच्या डब्यातली झुणका-भाकर हक्कानं उचलणारी मंडळी त्या दिवशी जेवायला कॅन्टीनमध्ये गेली.

फोन येत राहिले. गंमत अशी की त्या शिव्यांत ज्यूंचा उल्लेख क्वचितच असायचा. ‘आरक्षणावर नोकरी आणि जगाच्या गोष्टी’ असं एकानं ऐकवलं. दुसऱ्यानं तिची जात काढली, आईबाप काढले. फाटकावर काही पोरं फलक घेऊन उभी होती आणि फलकावर ‘ज्युद्वेश’ असं लिहिलं होतं. तिच्यातल्या मास्तरणीला तेवढ्यातही ते खटकलं.

नवरा धम्मानंद कोराडीच्या वीज केंद्रात होता. पहिल्या पाळीहून आला, बूट काढले, राख झटकली आणि तिच्यासमोर बसला.

“आनंदकाका बोलले ते तू ऐकलं होतं ना?” त्यानं विचारलं.

“ऐकलं.”

“मंग काहून काही बोलली नाही?”

“वेळ संपत आला होता.”

तो कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. उठला आणि आपला डबा घासायला घेतला. जयाला त्याचा राग आला. सगळं गाव अंगावर आलेलं असताना यानं तरी एवढं विचारू नये, असं तिला वाटलं.

तरी दुसऱ्या दिवशी ती इंदोऱ्याच्या वस्तीत आनंदरावांकडे गेली. तिथं पाच-सहा ओळखीची माणसं आधीच जमली होती. महाविद्यालयानं तिला कारणे दाखवा नोटीस दिली होती आणि चौकशी समिती नेमली होती. तिच्या पाठिंब्यासाठी संविधान चौकात सभा घ्यायचं ही मंडळी ठरवत होती.

“काका, एक काम करा,” जया म्हणाली. “ते जर्मनीचं वाक्य मागे घ्या. दोन ओळी लिहून द्या, बस.”

आनंदराव हसले. “भेली काय वं?”

“भ्यायची गोष्ट नाही. ते वाक्य वाईट होतं.”

“तिकडं लेकरं मरून राहिले आणि तुले माझं वाक्य लागून राहिलं?”

“काका, ‘हे लोकच असे’ म्हणणारे आपल्याले कमी भेटले काय? धंतोलीत आपल्याले खोली नाकारली तेव्हा तो घरमालक काय म्हणाला होता? तुम्हीच होते ना बाबासंग.”

क्षणभर आनंदरावांचा चेहरा उतरला. पण खोलीत माणसं होती आणि ती त्यांच्याकडे पाहत होती.

“आपली गोष्ट वेगळी,” ते म्हणाले. “त्यायच्याजवळ विमानं हायेत.”

“वाक्यात विमानं नव्हती. वाक्यात माणसं होती.”

“जया,” ते सावकाश म्हणाले, “आज मी मागे घेतलं तर उद्या ते तुले पुरं भाषण मागे घ्यायले लावतील. हे तुले समजत नसंल तर तू कायची इतिहासाची मास्तरीण?”

त्यांचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. चहा न पिताच ती उठली. कुणी ‘थांब’ म्हटलं नाही.

चौकशी समितीत तिघं होते. प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य आणि बाहेरचे एक वकील. मांडवकर सर तक्रारदार म्हणून बसले होते आणि त्यांनी एक साक्षीदार आणला होता. दारातून काठी टेकत एक म्हातारी बाई आत आली. ठेंगणी, चष्मा, बारीक काठाची सुती साडी चापूनचोपून नेसलेली. सरांनी तिच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

“नाव?” वकिलांनी विचारलं.

“मिरियम शालोम नागावकर. वय एकोणऐंशी. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होते. राहणार अजनी.”

संस्थेच्या सदस्यांना राहवलं नाही. “तुमचं मराठी फारच छान आहे हो.”

“आमचे लोक अलिबागच्या किनाऱ्याला लागले त्याला दोन हजार वर्षं झाली म्हणतात,” बाई म्हणाल्या. “तेवढ्या वेळात येतं.”

प्राचार्यांनी घसा खाकरला. मांडवकर सर पुढे झुकले. “आजी, त्या दिवशी तुम्ही सभागृहात होता. मॅडमच्या भाषणानं तुमच्या समाजाच्या भावना दुखावल्या, तुम्हाला असुरक्षित वाटलं, हे जरा समितीला सांगा. तुम्ही लिहून दिलंच आहे.”

“मी लिहून दिलेलं नाही. तुम्ही लिहून आणलंत. मी सही केली नाही.”

सरांनी कागद उलटा ठेवला.

“मी शेवटच्या रांगेत होते,” मिरियमबाई बोलू लागल्या. “माझी मुलगी तिकडे बीरशेबा शहरात राहते. तिचा मुलगा तिकडच्याच फौजेत आहे, वीस वर्षांचा. माझं गाव त्याबद्दल काय बोलतं ते ऐकायला गेले होते. ह्या बाईंचं भाषण मला आवडलं नाही. आमच्या मेलेल्यांना एक वाक्य आणि बाकीच्यांना अर्धा तास. मला राग आला. उठून जावंसं वाटलं. पण त्यांनी तिकडच्या सरकारला शिव्या दिल्या, फौजेला दिल्या. ते बोलायचा त्यांना हक्क आहे. माझी मुलगीसुद्धा तिकडे रस्त्यावर उतरून सरकारला शिव्या घालते. त्याला मी द्वेष म्हणणार नाही.”

जयानं श्वास सोडला. तो तिनं फार लवकर सोडला.

“द्वेष त्यानंतर झाला,” बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या. “तो म्हातारा बोलला तेव्हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडे पाहत होते, बाई. मला वाटलं, इतकं चांगलं बोलतात, आता ह्या काहीतरी म्हणतील. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, ठीक आहे, पुढचा प्रश्न. अठ्ठावन्न वर्षं मी ह्या शहरात राहते. कुणी मला दार लावलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी रिक्षात बसल्यावर पदर डोक्यावरून घेतला. कशासाठी, ते माझं मला कळलं नाही.”

“हेच आम्ही म्हणतोय,” मांडवकर सर म्हणाले.

“तुमचंही सांगते, सर.” बाईंचा आवाज चढला नव्हता, तरी सर खुर्चीत मागे सरले. “तुम्ही माझ्या घरी दोनदा आलात. पहिल्यांदा म्हणालात, तुमचे लोक फार हुशार, जगातल्या बँका तुमच्या हातात, आम्हाला तुमचं फार कौतुक. अहो, माझे सासरे तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे आम्हाला. नवरा मालगाडीवर गार्ड. कुठल्या बँका? दुसऱ्यांदा आलात ते हा कागद घेऊन. त्या म्हाताऱ्याला आमचा द्वेष करायचाय, तुम्हाला कौतुक करायचंय. माणूस म्हणून मी तुमच्या दोघांच्याही कामाची नाही.”

त्या काठी घेऊन उठल्या. वकील काहीतरी विचारणार होते, पण बाई तोवर दारापर्यंत पोचल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी जया अजनीला गेली. दाराच्या चौकटीवर, ज्यू घरांना असते तशी, आत प्रार्थनेचा कागद ठेवलेली एक लहानशी पितळी डबी तिरपी ठोकलेली होती. मिरियमबाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

“मावशी, मी माफी मागायला आले,” जया म्हणाली.

“मी तुमची मावशी नाही. माफी कसली?”

“गप्प बसले त्याची.”

“भाषणाची नाही?”

जया थोडी अडखळली. इथं ‘हो’ म्हटलं तर ही साखळी निघेल, हे तिला दिसत होतं. “नाही,” ती म्हणाली. “भाषणातलं एक वाक्य कमी पडलं, ते कबूल. बाकी भाषण मी पुन्हा करेन.”

“मग इथं दारात काय कुजबुजता? दोनशे माणसांसमोर गप्प बसलात ना? माझ्या एकटीपुढे बोलून काय होतं?”

दार लागलं. जया जिना उतरली. खाली येईपर्यंत ती बाईंवर चिडलेली होती. आपण काय काय सोसतोय याची हिला कल्पना नाही, असं ती स्वतःशीच म्हणत होती. घरी येऊन तिनं धम्मानंदला सगळं सांगितलं आणि त्यानं आपली बाजू घ्यावी म्हणून थांबली.

“म्हातारी बरोबर बोलली,” धम्मानंद म्हणाला. “पण तू हे बोलली तर आपले लोक तुले सोडतील. विचार करून घे.”

“तू येशील?”

“सुट्टी टाकतो.”

शनिवारी संध्याकाळी संविधान चौकात तीन-साडेतीनशे माणसं जमली. तिच्यासाठीच जमली होती. तिच्या फोटोचे फलक होते, माजी विद्यार्थी वर्ध्याहून, भंडाऱ्याहून आले होते. आनंदराव अध्यक्ष होते. त्यांनी तिला जवळ बसवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आपली पोरगी आहे. झुकत नाही.” टाळ्या कडाडल्या.

जया माईकपाशी आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कागद काढला.

“मी त्या भाषणातला एक शब्दही मागे घेत नाही,” तिनं वाचलं, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. त्या थांबेपर्यंत ती थांबली. “पण त्या दिवशी माझ्यासमोर एक वाक्य बोललं गेलं. जर्मनीत लाखो माणसं, बायका, लेकरं मारली, ती उगाच नाही मारली, असं ते वाक्य होतं. ते वाक्य द्वेषाचं होतं. मी ते ऐकलं आणि पुढचा प्रश्न म्हणाले. कारण बोलणारे माझे होते आणि टाळ्या वाजवणारेही माझे होते. मी माफी मागते. सभागृहात बसलेल्या एका बाईंची मागते आणि तुमच्यासमोर मागते, कारण तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून आवाज आला, “कितीत मॅनेज झाली?” दुसरा ओरडला, “प्रमोशन पाहिजे बाईले.” एका मुलीनं तिच्या फोटोचा फलक जमिनीवर आपटला. ती मुलगी जयानं एम.ए.ला शिकवलेली होती. जया पुढचा परिच्छेद वाचू लागली तर माईक बंद झाला होता. कुणी बंद केला ते तिनं पाहिलं नाही.

आनंदराव उठले.

“मी तुले शिकवलं,” ते म्हणाले. “चारचौघात माझी इज्जत काढायले शिकवलं होतं काय?”

“काका, तुम्हीच शिकवलं होतं, चूक बापाची असली तरी बोलायचं.”

“बाप राहिलो नाही मी तुझा.”

ते मंचावरून उतरले. त्यांच्या मागोमाग अर्धी माणसं निघाली. गर्दीतून धम्मानंद वाट काढत आला. त्याच्या शर्टाची बाही उसवली होती. कुणीतरी त्याची गचांडी धरली होती. त्यानं जयाच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि तिला बाहेर काढलं.

मांडवकर सरांनी त्याच सभेचा व्हिडिओ ‘अखेर कबुली’ म्हणून फिरवला. त्यात ‘मी माफी मागते’ एवढंच होतं. आठवड्याभरात समितीचा अहवाल आला. ज्यूद्वेषाचा आरोप साक्षीअभावी सिद्ध होत नाही, पण संस्थेच्या प्रतिमेला धक्का बसला आहे, असं त्यात लिहिलं होतं. जयाचं विभागप्रमुखपद गेलं. संस्थेच्या बेसा इथल्या ज्युनिअर कॉलेजात तिची बदली झाली आणि वर्षभर जाहीर कार्यक्रमांत बोलायची मनाई. विभाग तात्पुरता मांडवकर सरांकडे गेला.

बेसाच्या इमारतीला अजून रंग लागायचा होता. अकरावीच्या वर्गात ऐंशी पोरं होती. त्यांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं आणि तिच्याशीही नव्हतं. पहिले काही दिवस तेच तिला बरं वाटलं. इंदोऱ्यातलं एक लग्न झालं, त्याची पत्रिका तिच्याकडे आली नाही. ज्या लग्नात तिनं स्वागताला उभं राहायचं, त्याचे फोटो तिनं मोबाईलवर पाहिले. आनंदराव आजारी असल्याचं कळलं तेव्हा ती दवाखान्यात गेली. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून कूस बदलली. तिनं आणलेली मोसंबी त्यांच्या सुनेनं गुपचूप ठेवून घेतली.

दोन महिन्यांनी एका दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. नव्या शिव्यांची तयारी ठेवूनच तिनं तो उचलला.

“मिरियम नागावकर बोलतेय. तुमचा नंबर कॉलेजातून घेतला.”

“बोला.”

“चौकातलं मी पाहिलं होतं. शेजारच्या मुलीनं दाखवलं. पूर्ण पाहिलं, कापलेलं नाही.” पलीकडे पंखा घरघरत होता. “तुमच्याशी माझं भांडण मिटलं असं समजू नका.”

“समजत नाही.”

“माझा नातू फौजेतून त्याच्या घरी आलाय. धड आहे, हातपाय शाबूत आहेत. पण बोलत नाही. मुलगी म्हणते, भिंतीकडे तोंड करून बसतो, जेवायला घातलं की रडतो. ते तुमचे मांडवकर सर आले होते काल. तुमचा नातू सुखरूप आला, विजयी झाला, म्हणून पेढे घेऊन आले. मी पेढे जिन्यात ठेवले.”

जयानं समोरच्या वह्या बाजूला सरकवल्या.

“तो काय पाहून आला, काय करून आला, ते मला विचारायची हिंमत होत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही भाषणात मेलेल्या मुलांची नावं घेतली होती. मी त्या दिवशी कान बंद करून बसले होते. ही गोष्ट मी इथं कुणाला सांगू? आमच्यातलं, प्रार्थनेला जमणारं कुणी उरलेलं नाही इथं. शेजारी म्हणतात, आला ना परत, झालं.”

“मी येऊ का?” जयानं विचारलं.

“येऊन काय करणार?”

“बसेन.”

“रविवारी या. चारनंतर,” मिरियमबाई म्हणाल्या. “भाषण करू नका. आणि त्याच्याबद्दल वाईट बोललात तर मी तुम्हाला उठवून देईन, आधीच सांगते.”

रविवारी जया अजनीला गेली. दाराला साखळी नव्हती. दोघी खिडकीपाशी बसल्या. अर्ध्या तासात एकदा भांडण झालं, ते फौजेवरून. बाईंनी खरोखरच तिला उठायला सांगितलं. जया उठून चपला घालू लागली. तेवढ्यात बाईंच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्याच्या कोपऱ्यात पाठमोरा एक मुलगा बसलेला दिसत होता. मिरियमबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, तरी फोन हलत होता. जयानं चपला काढल्या, ती परत आत आली आणि तिनं बाईंचे फोन धरलेले हात खालून आधार देऊन स्थिर धरले.